आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! टॉर्क कन्व्हर्टर क्लचच्या निदानाची गोष्ट

थर्ड इयरची परीक्षा संपली आणि आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक गावी पळाले. मी मात्र सुट्टीत नाशिकमधल्याच एका गॅरेजमध्ये ट्रेनिंगला लागलो. ऑटोमोबाईलच्या पेपरला टॉर्क कन्व्हर्टरची सुबक आकृती काढून आलो होतो, त्यामुळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपल्याला कळतो असा माझा ठाम समज होता. हा समज पहिल्याच आठवड्यात कसा उतरला आणि त्यापायी एका भल्या माणसाला दोन दिवस कसा घोर लागला, ते सांगण्यासाठी हा लेख. सोबत थोडा अभ्यासही आहे. व्हायव्हाला उपयोगी पडेल, आणि उद्या घरी ऑटोमॅटिक गाडी आली तर खिशालाही.

माझे निदान

गॅरेजचे मालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्या दिवशी सुटे भाग आणायला मुंबईला गेले होते. सकाळी एक सर गाडी घेऊन आले. सिन्नरहून रोज नाशिकला येऊन गणिताच्या शिकवण्या घेतात. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, म्हणून जुनी का होईना पण ऑटोमॅटिक गाडीच घेतलेली. क्लच पेडल नसलेली ही गाडी म्हणजे त्यांचा दुसरा पायच.

तक्रार साधी होती. "हायवेला इंजिन पूर्वीपेक्षा जास्त ओरडतं. अ‍ॅव्हरेज बारा मिळायचं, आता जेमतेम अकरा."

मी चक्कर मारून आलो. टॉप गिअरमध्येसुद्धा आरपीएम चढाच होता. झाले! पुस्तक डोळ्यापुढे उभे राहिले. मी म्हणालो, "सर, टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच गेलाय. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. चाळीस-पन्नास हजार धरून चाला."

सर काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. नंतर कळले की तिथून ते थेट पतसंस्थेत गेले, कर्जाचा अर्ज आणला आणि दोन दिवस जामीनदार शोधत फिरले.

मुळात हे यंत्र काय आहे?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घर्षणाचा क्लच असतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी तेलाने भरलेला डोनटसारखा गोल डबा असतो, तो टॉर्क कन्व्हर्टर. आपल्या पुस्तकातले दोन पंख्यांचे उदाहरण आठवा. एक पंखा चालू केला की त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखा फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल. इंजिनाकडचा पंखा म्हणजे पंप, गिअरबॉक्सकडचा म्हणजे टर्बाइन.

पण दोन पंख्यांत टॉर्क वाढत नाही, नुसता पुढे जातो. तो वाढवतो मधला तिसरा भाग, स्टेटर. टर्बाइनमधून परत येणारे तेल स्टेटर वळवतो आणि पंपाला मदत होईल अशा दिशेने सोडतो. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना टॉर्क साधारण दुप्पट होतो. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. आपल्याकडे रेल्वेच्या डब्ल्यूडीएस-४ जातीच्या शंटिंग इंजिनांतही ताकद द्रवामार्फतच चाकापर्यंत जाते. त्यातल्या सुरी ट्रान्समिशनला मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याचे नाव आहे.

आता तेलाची अडचण पाहा. टर्बाइन पंपाच्या वेगाला कधीच शंभर टक्के गाठत नाही, थोडे मागेच राहते. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. निघताना स्लिप हवीच, पण हायवेला ती निव्वळ नुकसान. म्हणून कन्व्हर्टरच्या आतच घर्षणाचे अस्तर लावलेली एक तबकडी बसवतात. ठरावीक वेगानंतर तेलाचा दाब ही तबकडी कन्व्हर्टरच्या पुढच्या झाकणाला चिकटवतो. मग पंप आणि टर्बाइन एकजीव फिरतात आणि स्लिप शून्यावर येते. हाच टॉर्क कन्व्हर्टर क्लच किंवा लॉकअप. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४९ च्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये असा क्लच दिला होता. आपल्या नाशिकच्या महिंद्रात २००२ पासून स्कॉर्पिओ बनू लागली, आणि २००८ मध्ये तिला सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला. म्हणजे हा विषय फक्त परदेशी पुस्तकातला नाही.

एक खुलासा. सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सारख्या नसतात. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी रुळली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच; नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो दाबणारा पाय यंत्राचा असतो. त्यामुळे गाडी आली की आधी गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे ते विचारा.

क्लचला हुकूम कोण देतो?

मी चुकलो ते इथे. हा क्लच स्वतःच्या मर्जीने धरत नाही. गिअरबॉक्सचा कंट्रोलर म्हणजे छोटा संगणक आधी काही गोष्टी तपासतो: इंजिन पुरेसे गरम आहे का, वेग आणि गिअर योग्य आहे का, अ‍ॅक्सिलरेटर स्थिर आहे का, आणि ब्रेकवर पाय तर नाही ना? सगळे जुळले की तो सोलेनॉइडला वीज देतो. सोलेनॉइड तेलाची वाट बदलतो, आणि तेल क्लच दाबते.

म्हणजे साखळी अशी: माहिती, हुकूम, वीज, तेल आणि शेवटी तबकडी. मी पहिल्या चार कड्या न बघता थेट पाचवीवर खापर फोडले होते, आणि ती कडी बघायची तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

मामांची परीक्षा

तिसऱ्या दिवशी मामा आले. माझे निदान ऐकून म्हणाले, "बरं. कशावरून?"

मी म्हणालो, "आरपीएम जास्त आहे."

"ते पेशंटनं सांगितलं. तू काय तपासलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मामांनी सरांना फोन करून गाडी मागवली आणि आम्ही तिघे पुणे रोडने निघालो. मामा चालवत होते, स्कॅनर माझ्या हातात आणि सर मागे. नाशिकरोड, शिंदे, पळसे मागे पडले. मोकळा रस्ता लागल्यावर मामांनी ८० चा वेग स्थिर धरला आणि आरशात मागे कोणी नाही हे बघून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलकेच टेकवला. गाडी थांबवण्यापुरता नव्हे, नुसता स्विच हलेल इतकाच. तुम्ही कधी केलेत तर रिकाम्या रस्त्यावर, आणि स्कॅनर दुसऱ्याच्या हातात देऊनच करा.

क्लच धरलेला असेल तर ब्रेक टेकवताच तो सुटतो, आरपीएम एकदम शे-दोनशेने वर जातो आणि पाय काढल्यावर थोड्या वेळाने परत खाली येतो. आमचा काटा जागचा हलला नाही. म्हणजे क्लच धरलेलाच नव्हता.

"म्हणजे माझंच खरं," मी मनात म्हणालो.

मामा म्हणाले, "आता स्कॅनरवर बघ. लॉकअपचा हुकूम आहे का?"

मी पाहिले. हुकूम: बंद.

"शिपायाला ऑर्डरच निघाली नाही तर त्याला कामचुकार कसं म्हणशील? आता ऑर्डर का निघत नाही ते शोध."

एकेक माहिती पाहत गेलो. इंजिनचे तापमान ८८ अंश, ठीक. गिअर टॉप, ठीक. अ‍ॅक्सिलरेटर स्थिर. ब्रेक स्विच: दाबलेला. मामांचा पाय तर ब्रेकवर नव्हता!

ब्रेक पेडलच्या वर जो छोटा स्विच असतो, त्यात या गाडीला दोन वेगळे संपर्क होते. एक मागच्या लाल दिव्यांसाठी, दुसरा कंट्रोलरसाठी. दिव्यांचा संपर्क शाबूत असल्यामुळे दिवे बरोबर लागत आणि विझत होते, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. दुसरा संपर्क मात्र अडकला होता. कंट्रोलरच्या दृष्टीने सर सिन्नर ते नाशिक अखंड ब्रेक दाबून येत होते! तो बिचारा नियमाप्रमाणे क्लच सोडून बसला होता. त्याच्या हिशेबाने काहीच बिघडले नव्हते, म्हणून फॉल्ट कोडही नव्हता.

परत आल्यावर स्विच बदलला. किंमत काही शे रुपये. पुन्हा त्याच रस्त्याला ८० वर स्थिर झालो आणि काटा २१०० वरून १९०० च्या आसपास येऊन बसला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तसे. आणि बंब पाठवणारा मीच.

सरांचे गणित

मामांनी मला सरांपुढे उभे केले. "काय झालं ते तूच सांग."

मी चूक कबूल केली. सरांनी खिशातून पतसंस्थेचा अर्ज काढला, त्याची मागची कोरी बाजू समोर धरली आणि म्हणाले, "हा आकडा आधी कागदावर काढता आला असता का?"

आला असता. तुम्हीही काढून बघा. वेग ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर. टायरचा परीघ १.९५ मीटर, म्हणून चाकाचे फेरे मिनिटाला सुमारे ६८४. टॉप गिअरचे गुणोत्तर ०.७० आणि फायनल ड्राइव्ह ४.०, दोन्हींचा गुणाकार २.८. म्हणून टर्बाइनचा वेग ६८४ गुणिले २.८, म्हणजे सुमारे १९१५. क्लच धरला असेल तर इंजिनही १९१५ लाच फिरले पाहिजे. ते २१०० ला फिरत होते. स्लिप १८५, म्हणजे जवळपास ९ टक्के.

स्थिर वेगात कन्व्हर्टर टॉर्क वाढवत नाही, त्यामुळे जेवढी स्लिप तेवढी ताकद वाया. इंजिन १५ किलोवॅट देत असेल तर सुमारे १.३ किलोवॅट उष्णता निव्वळ तेलात जाते. बादलीत पाणी तापवायचा रॉड साधारण तेवढाच असतो. म्हणजे सरांच्या गिअरबॉक्समध्ये रोज सिन्नर ते नाशिक एक रॉड चालू होता! अ‍ॅव्हरेज बाराचे अकरा का झाले, याचाही हिशेब लागला. या गणितासाठी वेग स्कॅनरवरचा घ्या, कारण डॅशबोर्डचा काटा बहुधा थोडा जास्त दाखवतो.

निदानाच्या पायऱ्या

त्यानंतर मामांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतलेला क्रम असा. स्वस्त तपासणी आधी, महाग शेवटी.

१. गिऱ्हाइकाचे ऐका. तक्रारी मुख्यतः तीन. हायवेला आरपीएम जास्त: क्लच धरत नाही. सिग्नलला थांबताना डी मध्ये इंजिन धक्का खाऊन बंद पडते, जणू मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता थांबलो: क्लच सुटत नाही. ४० ते ८० च्या दरम्यान हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर: क्लच धरतोय, पण घसरत घसरत.

२. तेल बघा. सपाट जागी, तेल गरम असताना आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीने. लाल आणि स्वच्छ असेल तर छान. काळे आणि करपलेल्या वासाचे असेल तर अस्तर जळतेय. चहासारखे दुधाळ असेल तर रेडिएटरमधून पाणी शिरलेय. तेलाची जात मॅन्युअलप्रमाणेच हवी. त्यातली रसायने घर्षण ठरवतात, त्यामुळे नुसत्या चुकीच्या तेलानेही थरथर येते.

३. स्कॅनर लावा. पी०७४० आणि पी०७४३ विजेच्या मार्गाकडे बोट दाखवतात, पी०७४१ म्हणजे क्लच धरत नाही किंवा घसरतो, पी०७४२ म्हणजे अडकून राहिला. पण कोड म्हणजे निकाल नव्हे, नुसता पत्ता. आणि कोड नाही म्हणजे दोष नाही असेही नाही, हे आमच्या उदाहरणात दिसलेच.

४. हुकूम आहे का ते बघा. नसेल तर माहितीची कडी तपासा. ब्रेक स्विच तर आहेच, पण थर्मोस्टॅटसुद्धा. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे खोड आहे. मग इंजिन गरम झाल्याचे कंट्रोलरला कळतच नाही आणि तो लॉकअप देत नाही.

५. हुकूम आहे पण क्लच धरत नाही? मग वीज. सोलेनॉइडचा रोध मोजा, आकडा मॅन्युअलशी ताडा. गार असताना एकदा आणि गरम झाल्यावर पुन्हा. काही वेटोळी गरम झाल्यावरच तुटतात. कनेक्टरमध्ये तेल किंवा गंज आहे का तेही बघा.

६. वीज ठीक? मग तेलाचा मार्ग: व्हॉल्व्ह बॉडीतला अडकलेला किंवा झिजलेला व्हॉल्व्ह, तुंबलेला फिल्टर, गळके सील.

७. हे सगळे नीट असूनही स्लिप राहते, तेव्हाच कन्व्हर्टर.

थरथरीबाबत एक सावधगिरी. इंजिनचा प्लग किंवा कॉइल अधूनमधून चुकत असेल तरी अगदी अशीच थरथर येते, कारण लॉकअपमध्ये इंजिन कमी आरपीएमवर ओढत असते. हलक्या ब्रेकने क्लच सोडवून बघा. थरथर थांबली तर क्लचवर संशय पक्का होतो. तशीच राहिली तर इंजिन, माउंटिंग आणि टायर तपासा.

खरोखर कन्व्हर्टर गेला तर

असाही एक प्रसंग त्याच सुट्टीत आला. एका डॉक्टरसाहेबांची डिझेल ऑटोमॅटिक गाडी साधारण ५५ च्या वेगाला थरथरत होती. या वेळी मी तोंड बंद ठेवून वही उघडली. हुकूम होता, वीज ठीक होती, पण स्लिप शून्यावर टिकत नव्हती. तेल काळपट. आधी योग्य जातीचे तेल घातले. एकदा ड्रेन केल्याने सगळे तेल निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून गाडी चालवून दोनदा बदलले. थरथर गेली. दोन आठवड्यांनी परत आली. पॅन उघडला तर तळाला अस्तराचा काळा गाळ. आता मात्र गिअरबॉक्स उतरवणे भाग होते, आणि ते सांगताना आमच्याकडे पुरावा होता.

कन्व्हर्टरचा डबा वेल्ड केलेला असतो. तो लेथवर कापून, अस्तर बदलून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करणे हे खास कारखान्याचे काम. गॅरेजमध्ये तो बदलतातच. बदलताना मामांनी तीन गोष्टी बजावल्या.

पहिली, तेलाचा कूलर आणि पाइप धुऊन काढा, व्हॉल्व्ह बॉडी साफ करा. जुना गाळ आत राहिला तर नवा कन्व्हर्टरही तो खाणार.

दुसरी, नव्या कन्व्हर्टरमध्ये थोडे तेल आधी भरा आणि तो गोल फिरवत फिरवत गिअरबॉक्सवर बसवा. टर्बाइनचा शाफ्ट, स्टेटरचा आधार आणि तेलाचा पंप असे तीन ठिकाणी त्याला बसायचे असते. प्रत्येक वेळी तो टक् करून आत सरकतो. किती आत गेला ते पट्टी लावून मोजा आणि मॅन्युअलशी ताडा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: बेल हाउसिंग इंजिनाला हाताने सपाट टेकले पाहिजे आणि त्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. बोल्ट आवळून ओढावे लागत असेल तर तिथेच थांबा. कन्व्हर्टर पूर्ण बसलेला नाही, आणि तसेच आवळले तर तेलाचा पंप फुटतो.

शेवटी तेलाची पातळी बघून स्कॅनरने कंट्रोलरची जुनी सवय पुसली आणि मोहदरी घाटातून चक्कर मारली. चढावर हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी पाण्यासारखी गेली.

जाता जाता

सरांनी तो पतसंस्थेचा अर्ज, मागच्या बाजूच्या गणितासकट, मलाच दिला. म्हणाले, "पोरांचं उत्तर चुकलं तर मी पूर्ण मार्क कापत नाही. पण पायऱ्या लिहिल्या नसतील तर उत्तर बरोबर आलं तरी मी वही परत करतो."

तो कागद माझ्या जर्नलमध्ये आहे. मित्रहो, सबमिशनला आपण निष्कर्ष आधी लिहितो आणि रीडिंग मागून जुळवतो, हे आपल्यापुरते ठेवू. कॉलेजात त्याने फार तर शेरा मिळतो. बाहेर मात्र कोणीतरी त्या निष्कर्षावर विश्वास ठेवून जामीनदार शोधायला निघतो.

अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी